नऊ उन्हाळ्यांचे बिऱ्हाड

उन्हाळा आला की आपल्याकडे हवापालटाच्या गोष्टी सुरू होतात. कुणी महाबळेश्वर गाठतो, कुणी माथेरान, तर कुणी कोकणातले आपले मूळ घर. ट्रंका भरल्या जातात, किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली जाते, आणि महिन्या-दीड महिन्याने मंडळी परत येऊन आपल्याच दाराचे कुलूप काढतात. हवापालटाची खरी गोडी या कुलूप काढण्यात आहे, असे मला नेहमी वाटते. परत यायला घर असते, म्हणून बाहेर पडण्यात मौज. पण समजा, एकदा लावलेले कुलूप पुन्हा काढणे परवडेनासे झाले तर? मग त्या उन्हाळी मुक्कामांना सुट्टी म्हणायचे की आणखी काही?

वाचकहो, हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला आला, अशा एका अमेरिकन कुटुंबाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. कुटुंबप्रमुखाचे खरे नाव सॅम्युएल क्लेमन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखते. जगाला हसविणारा लेखक म्हणून त्याची ख्याती. १८९१ ते १९०० या दहा वर्षांत त्याच्या कुटुंबाने दहापैकी नऊ उन्हाळे युरोपात काढले. प्रवासवर्णने लिहिणाऱ्या माणसाची ही चैन असेल, असे कुणालाही वाटेल. पण या प्रवासाशेजारी घरची जमाखर्चाची वही ठेवली, की चित्र अगदी बदलून जाते.

अमेरिकेतील हार्टफर्ड गावी ट्वेनचे पंचवीस खोल्यांचे टोलेजंग घर होते. १८७४ पासून तो पत्नी ऑलिव्हिया आणि मुली यांच्यासह तेथे राहत असे. ऑलिव्हियाला घरात लिव्ही म्हणत. सूझी, क्लॅरा आणि जीन या तीन मुली. नोकरचाकर, घोडागाडी, रोजचे पाहुणे असा सगळा थाट. पुस्तकांची मिळकत मोठी होती, लिव्हीच्या माहेरचा पैसाही होता. पण ट्वेनला एक नाद लागला. छापखान्यात खिळे जुळविणारे एक यंत्र पेज नावाचा कारागीर तयार करीत होता, आणि त्यात ट्वेनने वर्षानुवर्षे पैसा ओतला. त्याने स्वतः पोरवयात छापखान्यात खिळे जुळविले होते. ते कंटाळवाणे काम एखादे यंत्र करील, तर जगभरचे छापखाने आपल्या दारी येतील, असा त्याचा हिशेब. यंत्रात १८,००० च्या आसपास सुटे भाग होते. चालले की ते सुरेख चाले; पण चालण्यापेक्षा बिघडण्यातच त्याचा वेळ अधिक जाई. तोवर लायनोटाइप हे दुसरे यंत्र बाजारात येऊन स्थिरावले, आणि क्लेमन्सांच्या घरात ओढाताण सुरू झाली.

१८९१ च्या जूनमध्ये घर बंद करून सारे कुटुंब फ्रान्सच्या बोटीत बसले. काटकसर करायची म्हणून युरोपला जायचे, हे आपल्याला ऐकायला चमत्कारिक वाटते, नाही का? पण त्या काळी ते तसे चमत्कारिक नव्हते. अमेरिकन डॉलर युरोपात बराच पुरत असे. भाड्याचा मजला मिळे, खाणावळीसह राहण्याची घरे मिळत, नोकर स्वस्त असत. रेल्वेचे जाळे सर्वत्र पसरलेले असल्यामुळे बिऱ्हाड हलविणे सोपे झाले होते. आणि दुसरी गोष्ट अशी, की आपल्याच गावात खर्च कमी करायचा म्हणजे दहा लोकांच्या डोळ्यांवर येते. परदेशी कोण विचारतो? शिवाय वैद्यांचा सल्ला हे सोज्वळ कारण होतेच. लिव्हीचे हृदय अशक्त होते, आणि ट्वेनचा उजवा हात संधिवाताने इतका धरला होता, की लेखणी चालेना. त्याच वर्षाच्या आरंभी त्याने फोनोग्राफच्या नळीत तोंडाने कादंबरी सांगून पाहिली होती!

युरोपात त्या वेळी उष्ण पाण्याच्या झऱ्यांची गावे फार भरभराटीला आली होती. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांना डॉक्टर, हॉटेले, बँडचे ताफे आणि बागा जोडा, म्हणजे त्या गावांची कल्पना येईल. उन्हाळा अशा गावी आणि हिवाळा एखाद्या मोठ्या शहरात, असा सुखवस्तू परदेशीयांचा वार्षिक क्रमच ठरून गेला होता. क्लेमन्स कुटुंबाने तोच उचलला. पहिल्या उन्हाळ्यात ते फ्रान्समधील एक्स-ले-बँ येथे राहिले, तेथून वाग्नरच्या संगीतनाट्यांच्या उत्सवासाठी जर्मनीत बायरॉइटला गेले, मग मारिएनबादच्या झऱ्यांवर आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये. पुढचा हिवाळा बर्लिनमध्ये. त्यानंतरचा उन्हाळा बाड नाउहाइम या जर्मन स्नानग्रामात, आणि १८९२ च्या शरदऋतूत मुक्काम पडला तो फ्लॉरेन्सजवळच्या सेत्तिन्यानो गावच्या एका जुन्या बंगल्यात.

या फिरस्तीत आनंद नव्हता असे मात्र नव्हे. त्याच पहिल्या वर्षी सप्टेंबरात कुटुंबाला स्वित्झर्लंडमध्ये ठेवून ट्वेन एका सपाट बुडाच्या होडीतून ऱ्होन नदीने खाली निघाला. बरोबर एक वाटाड्या आणि एक नावाडी. सुमारे दहा दिवस नदी नेईल तसे जायचे, संध्याकाळी काठावरच्या खेड्यात उतरायचे, आणि लिव्हीला पत्र लिहायचे. मिसिसिपीवर आगबोटी हाकलेल्या या माणसाला पुन्हा नदी भेटली होती. या सफरीवर त्याने एक पुस्तक लिहायला घेतले, पण ते पुरे झाले नाही. बाकीच्या मुक्कामांबद्दल मात्र तो लिहीतच राहिला. एक्सची स्नाने, बायरॉइटचे संगीत, बर्लिन शहर, या सर्वांवर वृत्तपत्रांना पत्रे गेली. ती वाचून लोक हसले. पण पत्रांचा मोबदला घरखर्चाला हवा होता, हे वाचकांना कोठून कळणार? इतरांना सुट्टीत काम नसते. या गृहस्थाला सुट्टी हेच काम होऊन बसले होते.

आणि इतके करूनही तोंडमिळवणी होईना. ट्वेनची स्वतःची एक प्रकाशनसंस्था होती. जनरल ग्रँट यांच्या आठवणी तिनेच छापल्या, आणि १८८६ मध्ये ग्रँट यांच्या विधवा पत्नीला एकाच वेळी २,००,००० डॉलरचा धनादेश दिला होता. तीच संस्था १८९४ च्या एप्रिलमध्ये बुडाली. जवळजवळ लाखभर डॉलरचे देणे अंगावर आले. त्याच वर्षअखेरीस खिळे जुळविणाऱ्या यंत्रानेही कायमची मान टाकली. हेन्री रॉजर्स हा तेलाच्या धंद्यातला धनाढ्य मित्र मदतीला धावला. त्याने पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर सुरक्षित केले आणि सावकारांशी बोलणी चालविली. रुपयाला आठ आणे देऊन मोकळे होण्याची वाट कायद्याने खुली होती. पण लिव्हीने ठाम सांगितले, देणे पैन्‌पै फेडायचे. ट्वेनचेही मन तेच होते.

मग वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. देशोदेशी विनोदी व्याख्याने द्यायची आणि कर्ज फेडायचे. १८९५ च्या जुलैत लिव्ही व क्लॅरा त्याच्याबरोबर निघाल्या. सूझी आणि जीन एल्मायरा गावी मावशीकडे राहिल्या. निघताना स्टेशनच्या फलाटावर सूझी हात हलवीत उभी होती.

या प्रवासात ही मंडळी आपल्याकडेही आली, बरे का. १८ जानेवारी १८९६ रोजी ती मुंबईला उतरली आणि वॉटसन्स हॉटेलात राहिली. ट्वेनला खोकल्याने जेर केले होते, तरी मुंबईत व्याख्याने झाली, पुण्यालाही झाले, आणि पुढे बडोद्याला. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिले, ते वाचून कुणीही मुंबईकर आजसुद्धा हसेल. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या, तिकिटे घेतली. त्या तिकिटांचा पैसा न्यूयॉर्कच्या सावकारांच्या वहीत जमा होत होता. एका अमेरिकन लेखकाचे कर्ज फेडण्यात आपल्या लोकांचाही खारीचा वाटा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

जुलैअखेर तिघे इंग्लंडला पोहोचले आणि गिल्डफर्ड येथे घर घेऊन मुलींची वाट पाहू लागले. उन्हाळा सगळ्यांनी मिळून काढायचा, असा बेत. तारेने प्रथम एवढेच कळले, की सूझी आजारी आहे. लिव्ही व क्लॅरा तातडीने बोटीवर चढल्या; ट्वेन मागे राहिला. त्या दोघी समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, सूझी मेंदूज्वराने गेली. वय चोवीस. ती गेली तेही हार्टफर्डच्या त्या बंद घरात. आजारपणासाठी ते मुद्दाम उघडले होते. कुलूप निघाले, ते असे. एल्मायराच्या ज्या फलाटावर निरोप घेतला होता, तेथे मायलेकी उतरल्या तेव्हा एक वर्ष, एक महिना आणि एक आठवडा लोटला होता.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा या कुटुंबाने स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठच्या व्हेगिस गावी काढला. समोर निळे पाणी, वर डोंगर, खर्च बेताचा. नकाशावर पाहिले तर हवापालटाची याहून सुंदर जागा सापडणार नाही. पण १८ ऑगस्ट आला, तेव्हा लिव्ही एकटीच आगबोटीत बसून सरोवराच्या पलीकडे गेली आणि दिवसभर एका खानावळीत एकटी राहिली. ट्वेन झाडाखाली बसून सूझीवर कविता लिहीत होता. त्याच महिन्यात एक वेगळाच योग आला. अमेरिकेतील निग्रो भक्तिगीते जगभर गाणाऱ्या ज्युबिली गायकांचा संच त्या लहानशा गावी आला. मायदेशाचे ते सूर परक्या डोंगरात ऐकून ट्वेन भारावून गेला, आणि आपल्या पाद्री मित्राला त्याने तसे लिहिलेही. घर सोडलेल्या माणसाला घर कोठे, कोणत्या रूपाने भेटेल, काही सांगता येत नाही.

नंतरचे उन्हाळे झपाट्याने सांगतो. क्लॅराच्या पियानोच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड व्हिएन्नाला हलले. १८९८ चा उन्हाळा जवळच्या काल्टनलॉइटगेबन या जलोपचाराच्या खेड्यात गेला. १८९९ चा स्वीडनमधील सान्ना येथे, कारण जीनला अपस्माराचे झटके येत आणि तेथे तिच्यावर उपचार व्हायचे होते. १९०० चा लंडनच्या कडेला डॉलिस हिल येथे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सारे मायदेशी परतले. हार्टफर्डला मात्र कुणीच राहायला गेले नाही. लिव्हीला ते सोसण्यासारखे नव्हते. १९०३ मध्ये ते घर विकले गेले, आणि १९०४ च्या जूनमध्ये लिव्हीनेही डोळे मिटले, तेही फ्लॉरेन्समध्ये, आणखी एका भाड्याच्या बंगल्यात.

देणे १८९८ च्या आरंभीच पुरे फिटले होते. वृत्तपत्रांनी ट्वेनचा गौरव केला. १८२६ मध्ये कर्जात बुडून ते लेखणीच्या जोरावर फेडीत राहिलेल्या सर वॉल्टर स्कॉटशी लोक त्याची तुलना करू लागले. गौरव योग्यच होता. दिलेला शब्द पाळणारी माणसे कोणत्याही काळात थोडीच असतात. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर वही मिटू नये. सावकारांच्या रकान्यात पैन्‌पै जमा झाली खरी, पण ती कोणाच्या खात्यातून वजा झाली? एका आईने आपल्या मुलीचे शेवटचे वर्ष व्याख्यानांच्या गावोगावी घालविले. अब्रू राखण्याचा निर्णय तिचाच होता आणि किंमतही सर्वांत जड तिलाच पडली. तिने तो निर्णय घ्यायला नको होता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. फक्त त्या गौरवात तिचे नाव बारीक अक्षरांत छापले जाते, एवढे माझे म्हणणे आहे.

आणि प्रवासवर्णनांविषयी एक शेवटची गोष्ट. जुनी प्रवासवर्णने आपण दूरदेशाच्या माहितीसाठी वाचतो, करमणुकीसाठी वाचतो. ती वाचताना अधूनमधून विचारावे, की हा मनुष्य निघाला तेव्हा घरी काय होते? बरोबर कोण होते, मागे कोण राहिले, भाडे कोणी भरले? विनोदी लेखकाच्या बाबतीत तर हे अवश्य विचारावे. हार्टफर्डचे ते घर आता संग्रहालय आहे आणि लोक ते हौसेने पाहायला जातात. त्या घराचे कुलूप आता रोज उघडते.