कोतूळचे कातळ, अकोल्याचे अकाल

‘अकोले’ हा शब्द शिरोरेषेवर छाटला तर खाली ‘अकाल’ उरतो. ‘कोतूळ’ वरून आणि खालून दोन्हीकडून कापले तर ‘कातळ’. प्रवरा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यांतल्या गावांची अशी थट्टा एखाद्या शब्दकोड्यात शोभली असती, पण ती होते संगणकाच्या पडद्यावर. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात किंवा यादीच्या चौकटीत मराठी मजकूर कोंबला की मात्रा, अनुस्वार, उकार बाहेर राहतात आणि प्रोग्रॅम काही झालेच नाही अशा थाटात चालत राहतो.

बटणाचे माप कुठून आले हे पाहण्यासारखे आहे. विंडोजच्या सुरुवातीच्या पिढ्यांत खिडकीतल्या वस्तू मोजायला एक खास एकक होते. अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग आडवा, उंचीचा आठवा भाग उभा. ही सरासरी काढायची ती इंग्रजीच्या लहान-मोठ्या ५२ अक्षरांवरून. त्या हिशेबाने ‘ओके’चे बटण ५० बाय १४ एककांचे, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या पडद्यावर ७५ बाय २३ पिक्सेलचे. रोमन अक्षराला एवढी जागा ऐसपैस होते. देवनागरी मात्र तीन मजली: मधे अक्षर, वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा लोंबणारा भाग. २३ पिक्सेलमधून बटणाची कड आणि मोकळी जागा वजा केली की तीन मजल्यांना उरते ते फारच थोडे.

मग कोणते शब्द वाचतात आणि कोणते बळी पडतात? ‘जतन करा’ आणि ‘साठवा’ यांना वर-खाली काहीच नाही, ते सुखरूप. ‘नोंद’चा ‘नाद’ होतो, ‘बंद करा’चे ‘बद करा’, ‘शोधा’चे ‘शाधा’. ‘रद्द’मधला खालचा द गेला की ‘रद’ राहतो, आणि ‘पुढे’ दोन्हीकडून छाटल्यावर ‘पढ’. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चाचणीसाठी बटणावर ‘जतन करा’ लिहून पाहिले तर त्याला सगळे आलबेल वाटणार. त्याने ‘कोंभाळणे’ किंवा ‘रुंभोडी’ असे गावाचे नाव लिहून पाहायला हवे होते.

रुंदीचा घोळ याहून महागात पडणारा. अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुक आहे आणि सुगाव खुर्दही. चौकट अरुंद असली आणि उजवीकडचा मजकूर कापला गेला, तर दोन्ही गावे नुसती ‘सुगाव’ होतात. गाणी साठवायच्या प्रोग्रॅममध्ये हे खपून जाईल. सातबाऱ्यात खपत नाही.

आणि मराठीशी संगणकाची सरकारी ओळख बरीचशी जमिनीच्या कागदांतून झाली. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे आले. संगणकात एक कार्ड बसवायचे आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवायची, अशी ती युक्ती. त्या काळात बटणांचा प्रश्नच नव्हता, कारण डॉसच्या बहुतेक प्रोग्रॅमांत बटणे नव्हतीच. पडद्याच्या तळाशी एक ओळ असे, कोणती कळ दाबल्यावर काय होईल ते सांगणारी.

विंडोज ९५ नंतर बटणे आली आणि त्यांच्याबरोबर फॉन्टची बजबजपुरी. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती: प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले होते. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिणारा बटणाला तो फॉन्ट लावी आणि मथळ्यात इंग्रजी चिन्हांचा अगम्य पुंजका भरी. त्याच्या यंत्रावर ते सुंदर मराठी दिसे. दुसऱ्या यंत्रावर फॉन्ट नसला की बटणावर तोच पुंजका उघडा पडे. ‘फॉन्ट उडाला’ हा शब्दप्रयोग कचेऱ्यांत आणि छपाईच्या दुकानांत तेव्हा रुळला.

त्यातही एक खाचखळगा फार गमतीचा होता. विंडोजमध्ये बटणाच्या मथळ्यातले ‘अँड’चे चिन्ह दिसत नाही; ते पुढच्या अक्षराखाली रेघ ओढते आणि त्या अक्षराला कळफलकावरची वाट करून देते. आता जुन्या फॉन्टमध्ये त्याच चिन्हाच्या जागी मराठी अक्षराचा एखादा तुकडा बसलेला असला तर? तो तुकडा गायब, आणि शेजाऱ्याच्या पायाशी विनाकारण रेघ. ज्याला हे ठाऊक नाही तो फॉन्टमध्ये दोष शोधत बसणार.

अशा फजितीत इंग्रजीही अगदी सोवळी नाही. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या लिसा संगणकाच्या चाचण्यांत एका बटणावर ‘डू इट’ (Do It) लिहिले होते. दोन शब्दांमधली फट इतकी बारीक होती की काहींनी ते ‘डोल्ट’ (Dolt), म्हणजे मठ्ठ, असे वाचले. संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतो, हे त्यांना कळेना. तिथे शेवटी ‘ओके’ आले.

युनिकोडने सांकेतिक गोंधळ मिटवला, पण लगेच नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला. तो रेखाटला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. एक्सपीत मात्र जोडाक्षरे नीट जुळायला सेटिंगमध्ये एक खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे. ते केले नाही तर ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे सरके आणि ‘निवडा’चे ‘नविडा’ होई. व्हिज्युअल बेसिक ६ ची बटणे तर युनिकोड जाणतच नव्हती. ती मराठीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उभी करत. शिवाय मंगलची ओळ उंच आणि अक्षर मात्र त्याच आकारात इंग्रजीपेक्षा बारीक दिसे. म्हणजे कापाकापी कायम, वर डोळ्यांना ताण. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ती खूण करण्याची गरज संपली. पडद्यावरच्या खिडक्यांसाठी बेतलेला निर्मला फॉन्ट २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आला.

खरा उपाय वेगळ्या दिशेने आला होता. जावा, क्यूटी, जीटीके या प्रोग्रॅम बांधायच्या साधनांनी बटणाला ठरावीक माप देण्याऐवजी आधी मजकूर मोजायचा आणि मग बटण आखायचे अशी रीत पाडली. त्यात कापाकापी टळते, पण खिडकी फुगते. २००८ च्या सुमाराचे छोटे नेटबुक १०२४ बाय ६०० पिक्सेलचे होते. त्यावर उंच खिडकीतले ‘ओके’ पडद्याच्या खालीच बुडून जाई.

या साऱ्या काळात माणसे काय करत होती? बटणे वाचत नव्हती, त्यांच्या जागा पाठ करत होती. २००१ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले आणि हजारोंनी पहिल्यांदा माउस हातात धरला. डावीकडचे म्हणजे होकार, उजवीकडचे म्हणजे नकार, हे बोटांत बसले. विंडोजपुरते ते बरोबरच होते. लिनक्सवरच्या ग्नोमने मात्र २००२ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत क्रम उलटवून होकार उजवीकडे नेला. मथळा धड वाचता येत असता तर या उलटापालटीचे कुणाला काही वाटले नसते.

१ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. उतारा आता ब्राउझरमधून निघतो, तिथली बटणे मजकुराप्रमाणे ताणली जातात. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रे आणि यात्रेची हँडबिले छापणाऱ्या दुकानांत मात्र २००१ चे पेजमेकर ७ आणि श्रीलिपी ही जोडी फार काळ टिकली. पत्रिकेवरचे मराठी तिथे कधी कापले जात नाही. पेजमेकरची बटणे इंग्रजीत आहेत, आणि ऑपरेटर पोराला सांगतो, ‘‘ओके मार.’’