कामगार कायद्यातील जुने इंग्रजी शब्द

आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत कमी आणि मालकांच्या नोटिसा वाचून अधिक. त्यामुळे १८३१ च्या विलायती ‘ट्रक अ‍ॅक्ट’चा उल्लेख प्रथम आढळला, तेव्हा हा मालमोटारींचा कायदा असावा असे समजून आम्ही पान उलटले! पुढे कोश उघडला तेव्हा उलगडा झाला. मालमोटारीचा ट्रक निराळा. हा ट्रक फ्रेंचमधून आलेला, आणि त्याचा जुना अर्थ अदलाबदल, मालाच्या मोबदल्यात माल. इंग्लंडातील कित्येक खाणमालक व कारखानदार रोख मजुरी न देता आपल्याच दुकानाची चिठ्ठी देत. पीठ, चहा, लोणी तेथूनच घ्यायचे आणि भाव मालकाचा. या दुकानाला कामगार ‘टॉमी-शॉप’ म्हणत. ‘टॉमी’ म्हणजे भाकरतुकडा. १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मजुरी चालू नाण्यातच देण्याचे बंधन घातले. आपल्याकडील १९३६ च्या वेतन कायद्यात ‘ट्रक’ हा शब्द नव्हता, पण वेतन नाण्यांत वा नोटांत द्यावे हे कलम त्याच वळणाचे होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली गिरणी काढली. भोंग्यावर कामाला निघणाऱ्या आपल्या माणसांच्या तोंडी पुढे असले कितीतरी शब्द रुळले. त्यांचे मूळ अर्थ मात्र वकिलांच्या कपाटात राहिले. ‘बोनस’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ एवढाच की ‘चांगले’. चांगुलपणावर हक्क कसला सांगायचा? १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला, तेव्हा मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा असा हक्क सिद्ध होत नाही असाच निर्वाळा दिला. बोनसचा कायदा व्हायला १९६५ साल उजाडले.

‘ग्रॅच्युइटी’ची कथा तर याहून बोलकी आहे. जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ कृपा, मेहेरबानी. हॉटेलातल्या वेटरला देतात त्या बक्षिसीलाही इंग्रज हेच नाव देतो. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, असा तिचा हिशेब बांधून दिला. नाव तेवढे मेहेरबानीचेच राहिले.

अजूनही निवृत्त झालेला एखादा गडी युनियनच्या कचेरीत पेढे घेऊन येतो आणि म्हणतो, “मालकांच्या कृपेनं ग्रॅज्युटी मिळाली बघा.” आम्ही पेढा घेतो, आणि मग त्याला शेजारी बसवून ते कलम वाचून दाखवतो.