तानसाच्या गाळातले घड्याळ

तळ्याच्या गाळावरून हवेचा इतिहास वाचण्याच्या विद्येची कुळी काढायला गेले, की तिची एक शाखा थेट मुंबईत येऊन पोचते.

मूळ अडचण वयाची होती. खाणी-कारखान्यांपासून कोसो दूर असलेल्या तळ्यातही वाऱ्यावरून आलेले शिसे, पारा, कॅडमियम पडत राहते आणि थराथरांत गाडले जाते. पण कुठला थर कुठल्या सालचा, हे कळल्याशिवाय नुसत्या मोजमापाला अर्थ नाही. तोडगा शिशातच निघाला. जमिनीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो, हवेत काही दिवसांत त्याचे विघटन होते आणि पुढे त्यातून शिसे-२१० तयार होते. हे किरणोत्सारी शिसे धुळीला चिकटून पावसाबरोबर खाली येते आणि गाळात दर २२ वर्षांनी निम्मे होत जाते. किती उरले ते मोजले, की थराचे वय निघते. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९६३ मध्ये ही कल्पना पुढे आणली. ती तळ्यांना लावून दाखवली १९७१ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी, दोन फ्रेंच सहकाऱ्यांसोबत. तळी तीन: फ्रान्समधले पाव्हँ, जिनिव्हाचे लेमाँ आणि शहापूर तालुक्यातला आपला तानसा! मुंबईत या तळ्याच्या पाण्याचा नळ सोडताना हे कुणाच्या मनात येत असेल, असे वाटत नाही.

हे घड्याळ दीडशे वर्षांपलीकडे मात्र चालत नाही. तिथे उत्तर स्वीडनमधली काही तळी कामी येतात. वसंतात बर्फ वितळून आलेली माती आणि हिवाळ्यात बसलेला काळसर बारीक गाळ, अशी दरवर्षी एक जोडी तळाशी साचते. ती मोजत मागे जायचे. पण वरचा गाळ ताकासारखा पातळ असतो, नळी खुपसली की ढवळून निघतो. म्हणून गोठलेल्या तळ्याला भोक पाडून, कोरडा बर्फ आणि अल्कोहोल भरलेली धातूची पोकळ पेटी खाली सोडतात. थोड्या वेळात गाळ थरांसकट तिच्या अंगाला गोठतो. वर काढून पृष्ठभाग तासला, की रेघा स्पष्ट दिसतात.

उमेओ विद्यापीठातल्या इंगेमार रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वीडनच्या तळ्यांमधल्या शिशाचा हिशेब ‘नेचर’मध्ये मांडला, तेव्हा प्रदूषणाची सुरुवात दोन हजार वर्षांहूनही मागे गेली. धुरांड्यांच्या कितीतरी आधी! कारण चांदी. ग्रीक आणि रोमन लोकांची नाणी चांदीची, आणि ती चांदी मिळायची शिशाच्या खनिजातून. वितळलेल्या शिशावर हवा फुंकली, की शिशाचे मुरदाडशिंग (ऑक्साइड) होऊन ते वेगळे पडते आणि मागे चांदी उरते. या भट्ट्यांचा धूर उत्तरेपर्यंत गेला. त्याच वर्षी ग्रीनलंडच्या बर्फानेही अशीच साक्ष दिली. स्वीडनच्या तळ्यांतले हे शिसे स्थानिक खडकातले नाही, हे समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते. तिथल्या जमिनीतल्या शिशात हे प्रमाण वेगळे आहे.

रोमन साम्राज्य ढासळल्यावर शिसे घटले, साधारण इसवी सन १००० नंतर युरोपातल्या खाणींबरोबर पुन्हा वाढले. शिखर १९७० च्या दशकातले, शिसेयुक्त पेट्रोलच्या भराचे. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले.

संशोधकांना या प्राचीन प्रदूषणाचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. ‘नैसर्गिक पातळी’ म्हणून १८०० च्या जरा आधीचा थर धरायची सोय होती. त्या थरातही माणसाचे शिसे मिसळलेले निघाल्यावर, शिशापुरता तरी स्वच्छ गाळ हवा असेल तर अडीच-तीन हजार वर्षे खाली उतरावे लागते.