चालण्याचा सल्ला कोणाचा घ्यावा ?



मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सकाळीं फिरावयास जाणाऱ्या मंडळींत मी बरीच वर्षें आहें. तेथें लाटांच्या आवाजाबरोबर सल्लेहि ऐकूं येतात. कोणी म्हणतो, दहा हजार पावलें पुरीं करा. कोणी म्हणतो, वाळूंत अनवाणी चाला. हे सल्ले आले कोठून, आणि त्यांतला कोणता प्रमाण मानावा, हें आज इतिहासाच्या साहाय्यानें पाहावयाचें आहे.

आपल्याकडे हा विषय नवा नाहीं. देहाला फार पीडा न देणारें चालणें आयुष्य, बळ, बुद्धि व अग्नि यांस हितकर आहे, असें सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत प्रमेहावर एक विलक्षण उपचार सांगितला आहे. ज्याच्याजवळ धन नाहीं, त्यानें जोडा व छत्री न घेतां, भिक्षान्नावर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें चालत जावें.

शिक्षक असतांना मीं हें प्रकरण भाषांतरांत वाचलें होतें. निवृत्तीनंतर शेजारच्या एका मधुमेही स्नेह्यास मीं तें मोठ्या प्रौढीनें सांगितलें, आणि वाळूंत चालण्याची भर माझ्या पदरची घातली. मास्तर सांगतात तें खरेंच असणार, अशी त्या गृहस्थांची श्रद्धा. वैशाखांत एके दिवशीं त्यांस निघावयास उशीर झाला. वाळू तापलेली होती. मधुमेहानें त्यांच्या तळपायांची संवेदना पुष्कळशी गेली होती. त्यांस तें ठाऊक नव्हतें, आणि मींहि कधीं विचारलें नव्हतें. पाय भाजले तरी कळलें नाहीं. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, आणि शेवटीं उजव्या पायाचीं दोन बोटें काढावीं लागलीं. त्यांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तो मीच मला देत आलों आहें.

त्यानंतर मीं तो ग्रंथ पुन्हां उघडला. त्याच चिकित्सास्थानांत पुढील एका अध्यायांत, नेहमीं अनवाणी चालणें आरोग्यास, आयुष्यास व दृष्टीस अपायकारक असल्याचें स्पष्ट सांगितलें आहे, आणि पादत्राणांचे गुणहि वर्णिले आहेत. ग्रंथानें मला फसविलें नव्हतें. अर्धा ग्रंथ वाचून मीं पुऱ्या ग्रंथाचा अधिकार गाजविला होता.

नव्या सल्ल्यांचेंहि असेंच आहे. दहा हजार पावलांचा आंकडा कोणा वैद्यमंडळाच्या ठरावांतून आलेला नाहीं. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ सालीं जपानांतील यामासा कंपनीनें पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस काढलें. त्याचें नांव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नांव लक्षांत राहण्याजोगें होतें. पुढें नांवाचाच नियम झाला. २०१९ सालीं अमेरिकेंत वृद्ध स्त्रियांविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसास सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांतहि, अगदीं थोडें चालणाऱ्या स्त्रियांपेक्षां मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें, आणि सुमारें ७,५०० पावलांपुढें तो लाभ वाढेनासा झाला.

याउलट लंडनच्या डॉक्टर जेरी मॉरिस यांची हकीकत पाहा. १९५३ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, दुमजली बसगाड्यांचे जिने दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृद्रोगाचें प्रमाण, बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां कमी आहे. इतक्यावर ते थांबले नाहींत. १९५६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर तरुण वयांतहि मोठा आढळला. सर्वच फरक बैठ्या कामाचा नसावा, अशी शंका यावरून येते; तरी त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. आपल्याच सिद्धान्ताला अडचणीची गोष्ट जो झांकून ठेवीत नाहीं, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

मराठींतहि या विषयावर थोर परिश्रम झाले आहेत. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. आखाड्यांतली विद्या त्यामुळें घराघरांत वाचावयास मिळाली. परंतु कोश व्यायाम सांगतो. वाचणाऱ्याचा पाय कसा आहे, तें कोशाला दिसत नाहीं.

म्हणून सल्ल्याचे दोन भाग पाडावे. सर्वांस लागू पडणारा नियम जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थेकडून घ्यावा. तिनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणें त्यांतच येतें. तेवढें न जमल्यास थोडेंहि चालणें कांहींच न करण्यापेक्षां बरें, असेंहि ती सांगते. आपल्या देहापुरता नियम मात्र ज्यानें आपला देह तपासला आहे, त्याच डॉक्टरांकडून घ्यावा. त्यासाठीं मालवणांत ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोस येथें जिल्हा रुग्णालय आहे. मधुमेह्यानें पाय तपासून घ्यावे, व अनवाणी चालूं नये. चालतांना छातींत दुखूं लागलें तर तेथेंच थांबून लागलीच वैद्यकीय मदत घ्यावी. शेजाऱ्याचा अनुभव विचारीत बसूं नये.

ते स्नेही आतां पायांत मऊ जोडा घालून डांबरी रस्त्यानें हळूहळू चालतात, आणि मी त्यांच्या बरोबर असतों. वाटेंत एखादा जुना विद्यार्थी भेटतो व विचारतो, "मास्तर, किती चालावें ?" पूर्वीं मी लगेच आंकडा सांगत असें. आतां मीच त्याला विचारतों, "डॉक्टरांना पाय दाखविलेस काय, बाबा ?"