वायपर, वाहनाचा

मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पाणी, हिम व धूळ पुसून चालकाची दृष्टी मोकळी ठेवणारे साधन. त्याची कल्पना हिमवृष्टीत सुचली. १९०२-०३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ॲलाबामा राज्याच्या रहिवासी मेरी अँडरसन न्यूयॉर्कमध्ये ट्रामने प्रवास करीत असता, हिमाने झाकलेल्या काचेमुळे होणारी चालकाची अडचण त्यांच्या ध्यानी आली. आत बसूनच तरफेने फिरविता येणारी, रबरी पट्टीची भुजा त्यांनी योजिली व १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे पेटंट मिळविले. स्वच्छ हवामानात भुजा काढून ठेवण्याची सोय तीत होती. परंतु उत्पादक न लाभल्याने पेटंटची मुदत कोणत्याही प्राप्तीविना संपली.

पुढे एंजिनाच्या चूषणावर चालणारे वायपर आले. चढणीवर ते मंदावत. विजेच्या मोटरीमुळे हा दोष नाहीसा झाला. रिमझिम पावसासाठी थांबून थांबून चालणाऱ्या रचनेचे पेटंट रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ मध्ये मिळाले.

यंत्रणा बदलली, तरी पुसण्याचे कार्य रबराच्या पातळ कडेवरच अवलंबून राहिले. ऊन व ओझोन यांमुळे रबर कठीण होऊन चिरते. म्हणजे पट्टी वापरात नसतानाही खराब होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात झालेली ही हानी मृगाच्या पहिल्या सरीत उघड होते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी पट्टी ओल्या फडक्याने पुसून तपासणे व काचेवर रेघा राहत असल्यास ती बदलणे इष्ट ठरते. कोरड्या, धूळभरल्या काचेवर वायपर चालविल्यास ओरखडे पडतात. शीत प्रदेशांत सांध्यांत बर्फ साचू नये म्हणून हिवाळ्यात रबरी आवरणाच्या पट्ट्या वापरतात.