दहा लाख लाकडी डब्या

इ.स. ७६४. जपानच्या दरबारात फुजिवारा नो नाकामारो नावाच्या बलाढ्य मंत्र्याने बंड केलं. ते काही दिवसांतच चिरडलं गेलं, नाकामारो मारला गेला आणि गादी सोडून भिक्षुणी झालेली सम्राज्ञी कोकेन 'शोतोकु' या नावाने पुन्हा गादीवर बसली. एवढ्या रक्तपातानंतर राज्यकर्ते काय करतात? देवळं बांधतात, दानधर्म करतात. या बाईने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवून देवळांना दान द्यायचा संकल्प सोडला. दहा लाख! जपानीत त्यांना म्हणतातच 'ह्याकुमान्तो', म्हणजे दहा लाख मनोरे.

दिसायला हा तीन मजली पॅगोडा, पण नीट बघितलं तर चक्क झाकणाची डबी आहे. उंची वीतभर. तिन्ही छपरांसकट खालचा मनोरा हिनोकी लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून लेथवर कातलेला, आणि माथ्यावरून आत पोकळ केलेला. वरचा कळस वेगळा, तोही कातलेलाच. त्याचं टोक त्या भोकात बसतं. कळस उपसला की डबी उघडते आणि आत निघते कागदाची छोटीशी गुंडाळी. तिच्यावर धारणी मंत्र. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याकडचाच आहे. संस्कृत मंत्र, चिनी अक्षरांत उतरवलेला, आणि मुख्य म्हणजे छापलेला! जगातल्या सर्वात जुन्या छापील मजकुरांत याची गणना होते. ठसे लाकडाचे होते की धातूचे, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत.

गंमत म्हणजे हे छापलं ते कुणी वाचावं म्हणून नाहीच. मंत्राच्या प्रती करून स्तूपात ठेवल्या की पापं धुतली जातात, असं सूत्रात सांगितलंय. प्रत काढली, डबीत घातली, झाकण लावलं, काम झालं. वाचक शून्य! (आपल्याकडच्या प्रोजेक्ट डॉक्युमेंटेशनची आठवण आली तर तो योगायोग समजावा.)

असो. इतिहासाची पुस्तकं या कागदांवर पानंच्या पानं लिहितात, मला मात्र लाकूडकाम जास्त थोर वाटतं. काम ७७० मध्ये संपलं. म्हणजे जेमतेम साडेपाच वर्षं, सुमारे दोन हजार दिवस. भागाकार करा: रोज पाचशे डब्या, आणि प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे हजार नग. तेही कशावर? जुना जपानी लेथ दोरीचा. एकाने दोरी आळीपाळीने ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचं. कणा एकदा पुढे फिरतो, एकदा मागे, त्यामुळे कातणं अर्धाच वेळ. झाकणाची डबी कातणाऱ्या कुणालाही विचारा, खरी परीक्षा झाकणाची. सैल झालं तर गळून पडतं, जास्त घट्ट झालं तर लाकूड चिरतं. ही परीक्षा दहा लाख वेळा!

काम संपल्यावर अधिकारी आणि कामगार मिळून १५७ जणांना पदं दिली गेल्याची नोंद दरबारी इतिहासात आहे. सगळ्या कातारींच्या वाट्याला काही ते आलं नसणार. पण कित्येक डब्यांच्या बुडाशी शाईने तारीख, कारखाना आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेलं सापडतं. बहुतेक तारखा ७६७-६८ च्या. शेजारी लेथच्या पकडीच्या खुणाही दिसतात. वरून पांढरा रंग, बुडाशी माणसाचं नाव. कोणता नग कोणी केला याचा चोख हिशोब! छापणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

दहा देवळांना एकेक लाख डब्या वाटल्या गेल्या. त्याच वर्षी, ७७० मध्ये, सम्राज्ञी वारली. त्यानंतर जपानच्या गादीवर बाई बसली ती थेट १६२९ साली. नऊ देवळांतला साठा आगी-लढायांत आणि काळाच्या ओघात जवळपास संपला. होर्यूजी या एकाच देवळात चाळीस हजारांच्या वर उरला. १९०८ मध्ये या देवळाला डागडुजीसाठी पैसा हवा होता, तेव्हा देणगीदारांना शेकडो डब्या देण्यात आल्या. आज त्या जगभर पसरल्यात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडेही आहे. लोक तिथे कागद बघतात. डबी उलटी करून दाखवा म्हटलं तर कुणी दाखवणार नाही, पण मला बघायचंय ते तिचं बूड.