आमचे ११ बोल्ट

"काका, आपलं पान उडवलं."

आमच्या संस्थेच्या सध्याच्या कार्यवाह मुलीचा फोन. पंधरा दिवस खपून तिने एका ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्यावर लेख लिहिला होता. स्थापना, पहिला ट्रेक, सर केलेले सुळके, रौप्यमहोत्सव, सगळं. तिथल्या कुणा जुन्या संपादकाने शेरा मारला: उल्लेखनीयता दिसत नाही, स्वतंत्र संदर्भ नाहीत. आठवड्याभरात लेख गेला. ती चिडली होती. बावीस वर्षं कार्यवाहपद सांभाळल्यामुळे खरं तर चिडायचा पहिला मान माझा. पण मला त्या संपादकाचं पटलं.

नियम साधा आहे. ज्याचा तुमच्याशी काही लागाबांधा नाही अशा माणसाने, भरवशाच्या ठिकाणी, तुमच्याबद्दल चार ओळींपेक्षा जास्त लिहिलेलं हवं. स्वतःचं पत्रक चालत नाही. बातमीत जाता जाता आलेलं नाव चालत नाही. सभासदाने नाव काढलं म्हणून संस्थेला नाव मिळत नाही. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, वाईला तर्कतीर्थांनी विश्वकोश मांडला, तेव्हा छापील पानं मोजकी होती आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हे त्या पानांनीच अर्धंअधिक ठरवलं. आता जागा अमाप. मग दारावर कुणीतरी बसायला हवंच, नाहीतर गल्लीतलं प्रत्येक मंडळ आत शिरेल.

पुण्याच्या 'गिरिप्रेमी'बद्दल कुणी शंका घेणार नाही. संस्था १९८२ची, आणि १९ मे २०१२ला त्यांचे आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर होते. मुंबईची 'गिरिविहार' तर आमच्या वडिलांच्या पिढीची. २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, त्यामागे ही मंडळी होती. आम्ही कोण? कल्याणच्या एका चाळीतल्या खोलीत महिन्यातून एकदा भरणारी सभा.

पण आमच्यासारख्या संस्था का निघाल्या, हे कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं खरा इतिहास तिथेच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत गावोगाव अशी मंडळं उभी राहिली. शिवाजी महाराजांचं प्रेम होतं, गोनीदांची पुस्तकं होती, रविवारची सुट्टी आणि शनिवारची शेवटची लोकल होती. हे सगळं खरं असलं तरी एवढ्यावर मंडळ होतं, नोंदणीकृत संस्था होत नाही. संस्था झाली ती दोरामुळे. गिर्यारोहणाचा खरा नायलॉनचा दोर एका कारकुनाच्या पगारात बसत नव्हता. वीस जणांनी वर्गणी काढली की दोर येई. मग तो ठेवायचा कुणाकडे, झिजला तर भरून कोण देणार, परगावी कोण नेणार, यावरून भांडणं. भांडणं मिटवायला नियम, नियमांना घटना, घटनेला धर्मादाय आयुक्तांचा शिक्का. हिमालयातल्या शिखरावर जायचं तर दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी आणि मागे संस्थेचं लेटरहेड. आमच्या घटनेतला सगळ्यात लांब परिच्छेद साहित्यभांडाराचा आहे. 'निसर्गप्रेम' हा शब्द एकदाच येतो, तोही चुकीच्या ऱ्हस्वदीर्घात.

फोन ठेवल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. सायक्लोस्टाइल केलेली परिपत्रकं, शाई फिकट जांभळी झालेली. "खुबी फाट्याला पहाटे उतरणे. खिरेश्वर, टोलार खिंड, हरिश्चंद्रगड. आणणे: हंटर बूट, विजेरी, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, एक कांदा." वीस घरचे वीस तऱ्हेचे तांदूळ एका पातेल्यात, अर्धे शिजत, अर्धे कच्चे राहत. खाली लाल पुठ्ठ्याची चढाई-वही. माळशेजकडच्या एका सुळक्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. (सुळक्याचं नाव देत नाही. तो पहिला कुणी चढला यावरून दोन संस्था अजून बोलत नाहीत.) "तिसरा दिवस. एकूण बोल्ट ११." तेव्हा ड्रिल मशिन नव्हतं. दोराला लटकून, हाताने छिन्नी फिरवत फिरवत हातोडी मारायची. काळ्या पाषाणात बोटाएवढं भोक पडायला अर्धा तास लागायचा, आणि दगडाचा भुगा फुंकून काढताना डोळ्यांत जायचा. त्या ११ भोकांत माझी तीन आहेत.

म्हणजे आम्ही लिहिलं, पण आपापसांत. बाहेरच्याला वाचता येईल असं आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही. हरीश कापडियांनी 'ट्रेक द सह्याद्रीज' लिहिलं, 'हिमालयन जर्नल'चं संपादन वर्षानुवर्षं केलं, म्हणून त्या वाटा कागदावर आल्या. आम्ही तेव्हा साहित्यभांडाराचा हिशेब जुळवत होतो.

वर्तमानपत्रांनीही हातभार लावला नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडी जाणारा रस्ता नाही, चिखलातली चढण, हेलिकॉप्टरला हवामान साथ देईना. पाय टाकायची सवय असलेली जी मंडळी भर पावसात वर गेली, त्यांत आसपासच्या ट्रेकिंग ग्रुपची पोरं होती. बातमीत काय येतं? "स्थानिक ट्रेकर्सच्या मदतीने." या तीन शब्दांवरून कुठला ज्ञानकोश कुणावर लेख लिहिणार?

मी तिला फोन केला. म्हटलं, संस्थेवर लेख नको गं. त्या सुळक्यावर लेख असेल, त्यात एक ओळ घाल. आपली जागा तेवढीच आहे, आणि ती बरोबर आहे.

"पण त्या ओळीलाही संदर्भ लागतो, काका. आपली वही चालणार नाही."

ट्रंकेच्या तळाशी दुसऱ्या एका संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका होती. त्या लोकांशी आमचं कधी पटलं नाही. त्यात त्यांच्या अध्यक्षांनी आमच्या चढाईवर अख्खं पान खर्च केलंय: अमुक संस्थेने गरज नसताना १४ बोल्ट ठोकून सुळका विद्रूप केला. छापील, स्वतंत्र, चार ओळींपेक्षा कितीतरी जास्त. लागेबांधे तर नाहीतच. मी तिला फोटो पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. हसत होती.

"काका, हे चालेल! घालू?"

"घाल. पण बोल्ट ११ होते. वहीत आहे."

"वही चालत नाही ना. १४च लिहावे लागतील."